तैवान: एकच लोक, दोन सत्ता आणि एकत्रीकरणाचा प्रश्न

हेमंतऋतू

तैवानविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुतेक वेळा युद्धनौका, क्षेपणास्त्रे आणि संगणकाच्या चिपा यांच्याभोवतीच फिरते. युद्ध होईल का आणि झाले तर भारतावर काय परिणाम होईल, एवढ्यावर चर्चा थांबते. ज्या प्रश्नामुळे ही वेळ आली त्याकडे फारसे कोणी वळत नाही. एका संस्कृतीत वाढलेले आणि पूर्वजांच्या नावाच्या पाट्या घरात पुजणारे लोक पाऊणशे वर्षे दोन वेगळ्या सत्तांखाली राहिले, तर त्यांचे राष्ट्र एक मानायचे की दोन, आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? या धाग्यात त्यावर बोलावे असे मला वाटते.

आधी कागदपत्रे पाहू. १८९५ साली जपानशी झालेल्या युद्धात हरल्यावर चीनच्या चिंग राजवटीने शिमोनोसेकीच्या तहाने तैवान आणि पेंघू बेटे जपानला देऊन टाकली. पुढची पन्नास वर्षे तैवान ही जपानची वसाहत होती. १९४३ च्या कैरो घोषणेत रूझवेल्ट, चर्चिल आणि तेव्हाचे चीनचे नेते च्यांग कै-शेक यांनी ही बेटे चीनच्या प्रजासत्ताकाला परत मिळतील असे जाहीर केले, आणि १९४५ च्या ऑक्टोबरात च्यांगच्या सैन्याने तैवानचा ताबा घेतला. चार वर्षांनी साम्यवाद्यांशी झालेल्या यादवी युद्धात पराभूत होऊन च्यांग यांचे संपूर्ण सरकारच तैपेईला आले आणि बीजिंगमध्ये माओंनी लोकप्रजासत्ताकाची घोषणा केली. या दोन सरकारांत शांततेचा तह आजतागायत झालेला नाही.

खरी गुंतागुंत १९५१ मध्ये झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या तहात जपानने तैवानवरचा हक्क सोडला, पण तो कोणाला दिला हे तहात लिहिलेच नाही. दोन्ही चिनी सरकारांपैकी एकालाही त्या परिषदेचे निमंत्रण नव्हते. १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या २७५८ क्रमांकाच्या ठरावाने चीनचे आसन बीजिंगला दिले आणि च्यांग यांच्या प्रतिनिधींना बाहेर काढले, पण त्या ठरावात तैवान हा शब्द एकदाही येत नाही. १९७२ च्या अमेरिका आणि चीन यांच्या शांघाय निवेदनात अमेरिकेने म्हटले की, तैवानच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही काठांवरील चिनी लोक चीन एकच असून तैवान त्याचा भाग आहे असे मानतात, याची आपल्याला जाणीव आहे आणि आपण त्या भूमिकेला आव्हान देत नाही. ते आपल्यालाही मान्य आहे, असे मात्र अमेरिकेने लिहिले नाही. ज्यांनी हे मसुदे केले त्यांनी प्रश्न जाणूनबुजून उघडा ठेवला, कारण त्या घडीला तो मिटवण्यापेक्षा पुढे ढकलणे सगळ्यांच्या सोयीचे होते.

माझे म्हणणे असे आहे की हे पुढे ढकलणे चालू असताना, ज्या लोकांविषयी हे सगळे लिहिले जात होते ते लोकच बदलले. १९७२ च्या निवेदनातले वाक्य त्या काळच्या दोन्ही सरकारांपुरते खरे होते. बेटावरच्या लोकांना तेव्हा कोणी विचारलेच नव्हते, आणि आज विचारले तर त्यांचे उत्तर वेगळे येते.

---

पूर्वाभ्यासक

मांडणी उत्तम आहे, परंतु चीनची बाजू तिच्या पूर्ण वजनासह समोर यावी म्हणून लिहितो. मी त्या बाजूचा समर्थक नाही, मात्र ती समजून न घेता चर्चा केली तर ती एकांगी होईल.

चीनमधील सामान्य सुशिक्षित माणसाच्या मनात तैवानचा प्रश्न १९४९ पासून सुरू होत नाही, तो १८९५ पासून सुरू होतो. अफूच्या युद्धांपासून परकीयांनी देशाचे जे लचके तोडले, त्यांपैकी हाँगकाँग १९९७ मध्ये आणि मकाव १९९९ मध्ये परत आले. आता तैवानच तेवढे उरले, अशी ही भावना आहे. ती केवळ सरकारी प्रचारातून आलेली नाही, घराघरांतून चालत आलेल्या अपमानाच्या आठवणीचा तो भाग आहे. जपानने हिसकावलेली भूमी जपान हरल्यावर मूळ देशाकडे यावी, यात कोणालाही अन्याय्य काय वाटावे? भारतानेही त्या वेळी हीच भूमिका घेतली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या तहावर भारताने सही केली नाही, आणि त्यामागच्या कारणांत तैवान चीनला परत देण्याची स्पष्ट तरतूद नसणे हेही एक कारण होते.

दुसरा मुद्दा असा की, एकच चीन ही कल्पना तैवानवर फक्त बीजिंगने लादली असे म्हणता येत नाही. च्यांग कै-शेक ती तितक्याच कडवेपणाने मानत असत. १९६४ मध्ये तैवान विद्यापीठातील प्राध्यापक पेंग मिंग-मिन यांनी आपल्या दोन विद्यार्थ्यांसह तैवानच्या स्वयंनिर्णयाचे पत्रक छापले, तर ते वाटण्यापूर्वीच तिघांना अटक झाली. १९५८ मध्ये तैवानच्या ताब्यातल्या किनमेन बेटावर चीनचा भडिमार चालू असताना अमेरिकेला च्यांग यांनी किनाऱ्यालगतच्या बेटांवरून सैन्य कमी करावे असे वाटत होते. पण ती बेटे सुटली तर तैवान मुख्य भूमीपासून कायमचे तुटेल, ही भीती च्यांग आणि माओ दोघांनाही होती. त्या ऑक्टोबरात चीनच्या संरक्षणमंत्र्यांच्या नावाने तैवानी बांधवांना जे निवेदन प्रसिद्ध झाले त्यात, चीन एकच आहे हे तुम्हालाही मान्य आहे, असे सरळ म्हटले होते. एकमेकांवर तोफा डागणारी दोन सैन्ये एवढ्या एका गोष्टीवर एकमताने उभी होती.

---

हेमंतऋतू

पूर्वाभ्यासक, आपला पहिला मुद्दा मला मान्य आहे. अपमानाची आठवण खरी आहे आणि तिला प्रचार म्हणून मोडीत काढणे चुकीचे ठरेल. मात्र एक पुस्ती जोडतो. १९३६ मध्ये एडगर स्नो या अमेरिकन पत्रकाराशी बोलताना माओंनी कोरियाच्या स्वातंत्र्यलढ्याला साहाय्य करण्याची तयारी दाखवली आणि हेच तैवानलाही लागू आहे, असे सांगितले होते. म्हणजे त्या काळी साम्यवादी पक्षाच्या नेतृत्वाला स्वतंत्र तैवानचे वावडे नव्हते. अनादी काळापासूनचा अविभाज्य भाग ही मांडणी पुढच्या राजकारणात घट्ट झाली.

आपला दुसरा मुद्दा तर माझ्याच म्हणण्याला बळ देतो. च्यांग आणि माओ यांचे एकमत होते हे खरे, पण एकाच्या राज्यात पत्रक छापणारा प्राध्यापक तुरुंगात जात होता आणि दुसऱ्याच्या राज्यात तसे पत्रक छापण्याची कल्पनाही कोणी करू शकत नव्हते. दोन हुकूमशहांच्या एकमताला आपण लोकमत कसे म्हणणार?

---

शिंचूवासी

नोकरीनिमित्त बरीच वर्षे तैवानमध्ये राहत आहे, म्हणून इथल्या ओळखीच्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो.

बाहेरून पाहणाऱ्याला तैवानी लोक एकसंध वाटतात, पण १९४५ नंतरच्या दोन पिढ्या आपण स्थानिक की बाहेरच्या प्रांतातले, या एका प्रश्नाने दुभंगलेल्या होत्या. ज्यांचे पूर्वज तीनशे-चारशे वर्षांपूर्वी चीनच्या फुच्येन आणि क्वांगतुंग प्रांतांतून आले त्या होक्लो आणि हक्का लोकांनी १९४५ मध्ये च्यांगच्या सैन्याचे स्वागतच केले होते. दीड वर्षात ते विरले. २७ फेब्रुवारी १९४७ च्या संध्याकाळी तैपेईत चोरट्या सिगारेटी विकणाऱ्या एका विधवेला मक्तेदारी खात्याच्या माणसांनी बंदुकीच्या दस्त्याने मारले, तिचा माल आणि पैसे हिसकावले, आणि जमलेल्या गर्दीवर गोळी झाडली. दुसऱ्या दिवसापासून बेटभर उठाव झाला. मार्चमध्ये मुख्य भूमीवरून कुमक आली आणि वकील, डॉक्टर, शिक्षक, वृत्तपत्रांचे संपादक वेचून मारले गेले. १९९२ च्या सरकारी अहवालाने मृतांचा अंदाज १८,००० ते २८,००० असा दिला. त्यानंतर मे १९४९ पासून जुलै १९८७ पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, इथे लष्करी कायदा होता आणि या घटनेचा उच्चार घरातसुद्धा दबक्या आवाजात होत असे. आपण वेगळे आहोत ही तैवानी जाणीव चिनी संस्कृतीविषयीच्या रागातून जन्मलेली नाही. आपलेच म्हणून ज्यांना ओवाळले त्यांनी हे केले, या धक्क्यातून ती जन्मली.

आता दुसरी बाजू, जिच्याविषयी तैवानचे समर्थकही फारसे बोलत नाहीत. च्यांग यांच्याबरोबर दहा लाखांहून अधिक माणसे समुद्र ओलांडून आली. त्यांत विशी-बाविशीतले सैनिक होते, आणि वाटेत गावातून धरून आणलेली शेतकऱ्यांची पोरेही होती. लवकरच परत जायचे आहे असे त्यांना सांगितले गेले. सरकारने त्यांना जमिनीच्या सनदा दिल्या. त्या कागदावर शिक्का होता, शिपायाचे नाव होते आणि मुख्य भूमी परत जिंकल्यावर तुझ्या नावे इतकी जमीन मिळेल असे वचन होते. जी जमीन शत्रूच्या ताब्यात आहे तिच्या सनदा या माणसांनी चाळीस वर्षे ट्रंकेत जपल्या. १९९० च्या दशकात सरकारने त्यांच्या बदल्यात रोख रक्कम दिली आणि सनदा परत घेतल्या. इतक्या वर्षांनी राज्यानेच ते वचन पैशात मोडून दिले.

१९८७ मध्ये हे म्हातारे सैनिक रस्त्यावर उतरले. त्यांच्या सदऱ्यांवर घराची ओढ लागली आहे अशा अर्थाची दोनच चिनी अक्षरे होती. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून नातेवाइकांना भेटायला मुख्य भूमीवर जाण्याची परवानगी मिळाली. आईला पत्र पाठवायचे तर ते हाँगकाँगमधल्या ओळखीच्या माणसामार्फत जायचे, अशा परिस्थितीत काढलेल्या अडतीस वर्षांनंतर बहुतेकांना आईवडिलांची थडगीच भेटली. गावात त्यांना सगळे तैवानचा पाहुणा म्हणत, आणि तैवानमध्ये आयुष्यभर ते मुख्य भूमीवरचे होते. या लोकांसाठी एकत्रीकरण हा शब्द पोकळ नाही, तो त्यांच्या घराचा पत्ता आहे. तैवानी स्वातंत्र्याच्या बाजूने बोलणाऱ्याने त्यांचे दुःख परके मानू नये.

त्यांची नातवंडे मात्र स्वतःला सरळ तैवानी म्हणवतात. चंगचृ विद्यापीठाचे निवडणूक अभ्यास केंद्र १९९२ पासून हा एकच प्रश्न विचारत आले आहे. त्या वर्षी सुमारे साडेपंचवीस टक्के लोकांनी स्वतःला चिनी म्हटले, सुमारे साडेसतरा टक्क्यांनी तैवानी आणि शेहेचाळीस टक्क्यांनी दोन्ही. अलीकडच्या वर्षांत स्वतःला फक्त तैवानी म्हणणारे साठ टक्क्यांच्या पुढे आणि फक्त चिनी म्हणणारे तीन टक्क्यांच्या आसपास आहेत. मधल्या काळात व्यापार वाढला, विमानसेवा सुरू झाली, लाखो तैवानी माणसे शांघाय आणि तुंगक्वानमध्ये कारखाने चालवू लागली. संपर्क वाढला की दुरावा मिटतो हा सर्वसाधारण समज इथे चालला नाही.

---

मांडवीतीर

मी गोव्याची आहे, त्यामुळे हा धागा वाचताना आमचा १९६७ चा जनमत कौल आठवणे अपरिहार्य होते. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असे म्हणणाऱ्यांचे युक्तिवाद सांस्कृतिकच होते. भाषा जवळची, दैवते तीच, नाटके तीच, शाळांत आणि देवळांत मराठी. तरीही १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले तेव्हा १,७२,१९१ लोकांनी वेगळे राहण्याच्या बाजूने आणि १,३८,१७० लोकांनी विलीनीकरणाच्या बाजूने मत दिले. आमच्या घरात दोन्ही बाजूंची माणसे होती. आजही आमच्याकडे मराठी नाटके होतात, आजही पंढरपूरच्या वाऱ्या निघतात. संस्कृती एक असणे आणि राज्यव्यवस्था एक असणे या दोन गोष्टी आम्ही सुट्या करून दाखवल्या, आणि त्यात संस्कृतीचे काही बिघडले नाही.

हाच मार्ग तैवानला का नसावा?

---

हेमंतऋतू

मांडवीतीर, उदाहरण अगदी नेमके आहे, म्हणूनच ते कुठवर चालते हेही पाहायला हवे. गोव्यात दोन्ही पर्याय भारतीय संघराज्याच्या आतले होते. सार्वभौमत्व कोणाचे हा प्रश्न १९६१ मध्येच संपला होता, आणि तो मतदानाने सुटला नव्हता. चीनचा एखादा अभ्यासक नेमके १९६१ चे बोट धरील आणि म्हणेल की वसाहतवाद्यांनी तोडलेला भाग तुम्हीही सैन्य पाठवूनच घेतला. त्याला माझे उत्तर असे की गोव्यातून गेले ते लिस्बनचे राज्य होते. तैपेईत आज जे सरकार आहे ते तिथल्याच लोकांनी निवडलेले आहे. १९९६ मध्ये पहिली थेट अध्यक्षीय निवडणूक झाली तेव्हा चीनने कीलुंग आणि काओशुंगच्या समुद्रात क्षेपणास्त्रे डागली, आणि तरीही ज्यांना धाक घालायचा होता त्या अध्यक्ष ली तंग-हुई यांना ५४ टक्के मते पडली.

जनमत कौलाचा मार्ग बंद आहे तो दोन कारणांनी. मार्च २००५ मध्ये चीनने फुटीरताविरोधी कायदा केला. त्याच्या आठव्या कलमात तैवान वेगळे झाले, किंवा शांततामय एकत्रीकरणाची शक्यता पूर्णपणे संपली, तर अशांततामय उपाय योजले जातील असे लिहिले आहे. दुसरे कारण तैवानच्या स्वतःच्या राज्यघटनेत आहे. ती १९४६ मध्ये नानचिंगमध्ये संमत झाली, संपूर्ण चीनसाठी लिहिली गेली, आणि १९९१ पासून तिला जी जादा कलमे जोडली गेली त्यांच्या आरंभीच राष्ट्राच्या एकत्रीकरणापूर्वीच्या गरजांसाठी असा उल्लेख आहे. म्हणजे त्साई इंग-वेन किंवा लाय छिंग-ते यांच्यासारखे तैवानचे अध्यक्ष झालेले नेतेही ज्या घटनेची शपथ घेतात ती कागदावर एकत्रीकरण गृहीत धरते. ती बदलली तर युद्धाचे निमित्त होईल, म्हणून ती तशीच ठेवून आत वेगळे जीवन जगायचे, अशी ही विलक्षण व्यवस्था आहे.

---

रानपाखरू

या चर्चेत दोन गट सुटून गेले आहेत.

एक म्हणजे तैवानचे मूळ रहिवासी. सोळा जमातींना सरकारी मान्यता आहे आणि लोकसंख्येत त्यांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. त्यांच्या भाषा फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि थेट न्यूझीलंडच्या माओरींच्या भाषेशी नाते सांगतात. चिनी लोक एक की दोन हा वाद त्यांच्या जमिनीवर उभे राहून इतर लोक घालत आहेत. १ ऑगस्ट २०१६ रोजी त्साई इंग-वेन यांनी राज्याच्या वतीने त्यांची माफी मागितली. जानेवारी २०१९ मध्ये शी जिनपिंग यांनी एकत्रीकरणावर भाषण केले तेव्हा या जमातींच्या प्रतिनिधींनी त्यांना खुले पत्र लिहून आम्ही चिनी वंशाचे नाही, असे कळवले.

दुसरा गट किनमेनचा. हे बेट चीनच्या शियामेन शहरापासून इतके जवळ आहे की पलीकडच्या उंच इमारती स्वच्छ दिसतात. मी तिथे गेले तेव्हा किनाऱ्यावरच्या वाळूत अजूनही रेल्वेच्या रुळांचे तिरपे तुकडे रोवलेले होते. त्यांना आता कालवे चिकटलेले असतात आणि ओहोटीला बायका ते खरवडून काढतात. १९५८ मध्ये चव्वेचाळीस दिवसांत सुमारे ४,७०,००० तोफगोळे या बेटावर पडले, आणि त्यानंतर १ जानेवारी १९७९ पर्यंत एक दिवसाआड पत्रके भरलेले गोळे येत राहिले. त्या गोळ्यांच्या पोलादापासून लोहार स्वयंपाकाच्या सुऱ्या घडवतात. एका गोळ्यातून कित्येक सुऱ्या निघतात. इतके सोसलेल्या बेटाला तर चीनचा सर्वाधिक राग हवा, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात किनमेन कधीच शिमोनोसेकीच्या तहात नव्हते, तिथले लोक स्वतःला फुच्येनचे मानतात, २००१ पासून बोटीने शियामेनला बाजारहाटाला जातात, आणि २०१८ पासून त्यांच्या नळाला फुच्येनचे पाणी येते. स्वतंत्र तैवान हे राष्ट्र उद्या जाहीर झाले, तर त्यात आपण बसतो का, हा किनमेनचा प्रश्न रास्त आहे.

---

पूर्वाभ्यासक

किनमेनचे उदाहरण महत्त्वाचे आहे. आपली ओळख लोकांनीच ठरवायची हे तत्त्व मानले, तर ते तैवानप्रमाणे किनमेनलाही द्यावे लागेल, आणि मग ते कुठे थांबेल हे सांगता येत नाही. बीजिंगला वाटणारी भीती तिबेट आणि शिनच्यांगच्या संदर्भात नेमकी हीच आहे.

एक प्रश्न विचारतो. डेंग शियाओपिंग यांची एक देश, दोन व्यवस्था ही योजना मुळात तैवानसाठीच आखलेली होती. १९८१ मध्ये चीनचे ज्येष्ठ नेते ये च्येनयिंग यांनी मांडलेल्या नऊ मुद्द्यांत तैवानला स्वतःचे सैन्यसुद्धा ठेवता येईल असे म्हटले होते. इतके उदार सूत्र तैवानने नाकारले, ते केवळ हट्टापायी का?

---

शिंचूवासी

पूर्वाभ्यासक, १९८१ मध्ये नाकारले ते च्यांग कै-शेक यांचे पुत्र आणि तेव्हाचे अध्यक्ष च्यांग चिंग-क्वो यांच्या पक्षनिष्ठेने नाकारले असे म्हणता येईल. पुढच्या चाळीस वर्षांतला नकार अनुभवातून आलेला आहे, आणि तो सरसकटही नव्हता. १९९२ मध्ये दोन्ही बाजूंच्या निमसरकारी संस्था हाँगकाँगमध्ये बोलल्या, एप्रिल १९९३ मध्ये त्या संस्थांचे प्रमुख कू चेन-फू आणि वांग दाओहान सिंगापूरला भेटले, २०१० मध्ये व्यापारी करार झाला. ७ नोव्हेंबर २०१५ रोजी शी जिनपिंग आणि तैवानचे तेव्हाचे अध्यक्ष मा यिंग-जो सिंगापूरच्या एका हॉटेलात भेटले तेव्हा कोणीही कोणाला अध्यक्ष म्हटले नाही, फक्त श्रीयुत म्हटले, आणि रात्रीच्या जेवणाचे बिल दोन्ही बाजूंनी वाटून घेतले. सार्वभौमत्वाचा प्रश्न बाजूला ठेवून माणसे किती दूरवर जाऊ शकतात याचे ते उदाहरण होते, आणि मला त्या दिवसाविषयी आदर आहे.

हे सारे मोडले ते हाँगकाँगमुळे. १९८४ च्या ब्रिटन आणि चीन यांच्या संयुक्त घोषणेत पन्नास वर्षे काहीही बदलणार नाही, असे वचन होते. २०१९ च्या उन्हाळ्यात तिथल्या रस्त्यांवर जी निदर्शने चालली होती ती तैवानच्या प्रत्येक घरात रोज दिसत होती, आणि ३० जून २०२० रोजी राष्ट्रीय सुरक्षा कायदा हाँगकाँगच्या विधिमंडळाला वगळून बीजिंगने थेट लागू केला. जानेवारी २०२० मध्ये त्साई इंग-वेन एक्क्याऐंशी लाखांहून अधिक मते मिळवून पुन्हा निवडून आल्या. वर्षभरापूर्वी त्यांचा पक्ष स्थानिक निवडणुकांत सपाटून हरला होता.

तरीही त्याच मतदारांना विचारले तर तातडीने स्वातंत्र्य जाहीर करा म्हणणारे चार-पाच टक्क्यांच्या आसपासच असतात आणि तातडीचे एकत्रीकरण मागणारे त्याहूनही कमी. उरलेल्यांपैकी बहुतेकांना आहे ते असेच चालू राहावे असे वाटते. माझे सहकारी मुलांच्या शाळेविषयी, घरांच्या किमतींविषयी बोलतात आणि वेळ आली की सक्तीच्या लष्करी सेवेला जातात. ही सेवा २०२४ पासून पुन्हा एक वर्षाची झाली आहे.

---

मांडवीतीर

भारताची आजची भूमिका काय समजावी?

---

हेमंतऋतू

लेखी भूमिका १९४९ पासून बीजिंगच्या मान्यतेची आहे, आणि तिच्यात औपचारिक बदल झालेला नाही. मात्र २०१० नंतरच्या संयुक्त निवेदनांतून भारताने एक चीन हा उल्लेख करणे थांबवले. १९९५ मध्ये तैपेईत भारताचे आणि दिल्लीत तैवानचे कार्यालय सुरू झाले, पुढे चेन्नईत आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत आणखी एक उघडले. मुंबईच्या कार्यालयाच्या नावात तैवानही नाही आणि चीनचे प्रजासत्ताकही नाही, फक्त तैपेई या शहराचे नाव आहे, आणि तरीही चीनने त्यावर आक्षेप नोंदवला.

पूर्वाभ्यासक यांच्या किनमेनच्या मुद्द्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, पण दिशा सांगतो. आज किनमेनचे लोक स्वतःचे प्रतिनिधी तैपेईच्या संसदेत पाठवतात, चीनधार्जिण्या समजल्या जाणाऱ्या पक्षाला उघडपणे मते देतात, आणि त्यासाठी कोणी तुरुंगात जात नाही. वेगळे मत असलेला भाग आपल्यात कसा सांभाळायचा याची रीत त्या व्यवस्थेला जमली आहे. बीजिंगने हीच रीत हाँगकाँगमध्ये पाळून दाखवली असती, तर तैवानमधल्या म्हाताऱ्या सैनिकांच्या नातवंडांशी एकत्रीकरणाविषयी बोलण्याजोगे त्याच्याकडे काही उरले असते. सैन्यबळाचा पर्याय कायद्यातून काढून टाकणे ही त्या बोलण्याची पहिली अट असायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे. यावर पूर्वाभ्यासक यांनी चीनच्या बाजूने काय म्हणता येईल ते जरूर लिहावे.